चौदा हजार फाइली आणि आठ गुपितं

अमेरिकेतल्या ऑस्टिन किंवा अटलांटा शहरात आज उबरच्या ॲपवर गाडी बोलावली, तर दारात रिकामी ड्रायव्हरची सीट घेऊन वेमोची (गूगलच्या विनाचालक गाडीच्या प्रकल्पातून निघालेली कंपनी) गाडी उभी राहू शकते. दोन्ही कंपन्यांचं जुळलं २०२३ मध्ये. त्याआधी पाच वर्षं, फेब्रुवारी २०१८ मध्ये, याच दोन कंपन्या सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात समोरासमोर उभ्या होत्या. आरोप होता विनाचालक गाडीचं तंत्रज्ञान चोरल्याचा. एका गुपितापोटी मागितलेली भरपाईच सुमारे १८६ कोटी डॉलर होती.

तंत्रज्ञान कंपन्या आपली बौद्धिक संपदा कशी राखतात, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क, व्यापारी गुपित. पुस्तकात ही चारही नावं गुण्यागोविंदानं शेजारी बसतात. ‘वेमो विरुद्ध उबर’ या प्रकरणात मात्र कोणतं हत्यार चाललं आणि कोणतं म्यानातच राहिलं, हे उघड दिसतं. मला त्यातले दोन आकडे सगळ्यात बोलके वाटतात. वेमोनं सुरुवातीला कोर्टाला आपल्या व्यापारी गुपितांची जी यादी दिली, तिच्यात १२१ गुपितं होती. ज्यूरीसमोर पोहोचली आठ. मधल्या ११३ गुपितांचं काय झालं, हे कळलं की कंपनीच्या ज्ञानाला कुंपण घालणं इतकं अवघड का, तेही कळतं.

माणूस आणि यंत्र

अँथनी लेव्हँडोस्की हा इंजिनिअर २००४ साली अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा ग्रँड चॅलेंज’ शर्यतीत चालकाविना चालणारी मोटरसायकल घेऊन उतरला होता. ती आता स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. पुढे तो गूगलमध्ये आला, स्ट्रीट व्ह्यूवर काम केलं आणि २००९ मध्ये सुरू झालेल्या विनाचालक गाडीच्या प्रकल्पात, ज्याचं आतलं नाव ‘शोफर’ होतं, महत्त्वाच्या जागी पोहोचला. हे चालू असताना त्याची ‘५१० सिस्टिम्स’ नावाची स्वतःची कंपनीही होती आणि गूगल तिच्याकडून तंत्रज्ञान घेत होतं. २०११ मध्ये गूगलनं ती कंपनीच विकत घेतली. म्हणजे ‘माझं’ आणि ‘कंपनीचं’ यांतली रेघ पहिल्यापासूनच पुसट होती आणि ती पुसट राहू देण्यात गूगलचाही हात होता. लेव्हँडोस्कीला प्रोत्साहन योजनेतून एकूण सुमारे १२ कोटी डॉलर मिळाले. भरपूर पैसे दिले की माणूस निष्ठावान राहतो, हा समज इथे फारसा टिकला नाही.

भांडण ज्या यंत्रावरून झालं ते म्हणजे लायडर. लेझरचे झोत सोडायचे, समोरच्या वस्तूवर आपटून ते परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्यावरून अंतर काढायचं. असं सतत करत गाडीभोवतीच्या जगाचं त्रिमितीय चित्र उभं करायचं. सुरुवातीला गूगल बाहेरून, व्हेलोडाइन कंपनीकडून लायडर घेत असे. ६४ लेझरच्या त्या एका नगाची किंमत ७५,००० डॉलरच्या घरात होती. मग गूगलनं स्वतःचं लायडर घडवायला घेतलं. जानेवारी २०१७ मध्ये वेमोनं (डिसेंबर २०१६ पासून हे प्रकल्पाचं नवं नाव) जाहीर केलं की हा खर्च ९० टक्क्यांहून जास्त उतरला आहे.

कौशल्य कशात होतं? लेझर आणि परावर्तन तर जगाला ठाऊक. लेझर डायोड सर्किट बोर्डावर नेमके कुठे, कोणत्या कोनात, एकमेकांपासून किती अंतरावर बसवायचे. सोडणारा आणि घेणारा झोत एकाच भिंगातून कसा न्यायचा. शेकडो नगांमध्ये ही मांडणी केसभरही न हलता कशी जुळवायची. यातली काही उत्तरं पेटंटमध्ये होती. बाकीची ड्रॉइंगांत, तपासणीच्या तक्त्यांत आणि ती चाळून चाळून पाठ झालेल्या माणसांच्या डोक्यात.

डिसेंबर २०१५

वेमोच्या दाव्यानुसार, ११ डिसेंबर २०१५ रोजी लेव्हँडोस्कीनं कंपनीच्या लॅपटॉपवर एक विशेष सॉफ्टवेअर टाकलं. लायडरची ड्रॉइंगं ज्या सर्व्हरवर होती तिथे शिरायला ते लागत असे. त्यानंतर त्यानं १४,००० हून अधिक फाइली उतरवून घेतल्या, आकार ९.७ जीबी. लॅपटॉपला एक मेमरी कार्ड रीडर जोडला गेला, तो काही तासांनी निघाला आणि मग लॅपटॉप पुसून नव्यानं फॉरमॅट झाला. २७ जानेवारी २०१६ ला त्यानं राजीनामा दिला.

काही महिन्यांत त्याची ‘ऑटो’ ही विनाचालक ट्रक बनवणारी कंपनी लोकांसमोर आली. ऑगस्ट २०१६ मध्ये उबरनं ऑटो विकत घेत असल्याचं जाहीर केलं. किंमत त्या वेळच्या बातम्यांनुसार सुमारे ६८ कोटी डॉलर. एवढ्या कोवळ्या कंपनीला एवढं मोल आलं कशामुळे, हा प्रश्न गूगलच्या कँटीनमध्ये कुणाला पडला नसेल तरच नवल.

पुरावा मात्र चुकून हाती आला. डिसेंबर २०१६ मध्ये सर्किट बोर्ड बनवणाऱ्या एका पुरवठादाराच्या ई-मेलमध्ये वेमोच्या एका कर्मचाऱ्याचा पत्ता नजरचुकीनं राहिला. सोबत ऑटोच्या बोर्डाचं ड्रॉइंग होतं आणि ते वेमोच्या बोर्डासारखं दिसत होतं. पुरवठादार एकच असला की असं होतं. आपण दाराला कितीही कुलपं लावली तरी ज्याच्याकडे बोर्ड छापायला देतो त्याच्या टेबलावर आपलं आणि प्रतिस्पर्ध्याचं ड्रॉइंग शेजारी शेजारी पडलेलं असतं. वेमोनं मग नेव्हाडा राज्याकडे माहितीचा अर्ज केला. ऑटोनं तिथल्या अधिकाऱ्यांना आपल्याकडे स्वतः घडवलेलं ६४ लेझरचं लायडर असल्याचं कळवलं होतं, हे त्या उत्तरातून समजलं. २३ फेब्रुवारी २०१७ ला दावा दाखल झाला.

तारखा पुन्हा पाहा. फाइली गेल्या डिसेंबर २०१५ मध्ये, दावा झाला चौदा महिन्यांनी. सर्व्हरच्या नोंदी सगळा वेळ तिथेच होत्या. नोंद चोरी अडवत नाही. चोरी झाली हे सांगते, तेही कुणी येऊन विचारलं तर. अशा प्रकरणांत कंपन्या पुढे कसली कसली महागडी साधनं बसवतात. माझ्या मते राजीनामा हातात पडताच त्या माणसाच्या मागच्या दोन महिन्यांच्या नोंदी उघडून बसणारा एक माणूस त्या सगळ्यांपेक्षा स्वस्त आणि कामाचा.

कोणतं हत्यार चाललं

कॅलिफोर्नियात ‘प्रतिस्पर्ध्याकडे नोकरी करणार नाही’ असा करार कर्मचाऱ्याकडून लिहून घेतला तरी तो रद्दबातल ठरतो. व्यवसाय संहितेच्या कलम १६६०० चा हा परिणाम. सिलिकॉन व्हॅलीत माणसं एका कंपनीतून उठून समोरच्या कंपनीत जाऊन बसतात, ती याच कलमाच्या जोरावर. शिवाय २०१६ च्या फेडरल व्यापारी गुपित कायद्यातही तरतूद आहे की एखाद्याला नुसतं काही माहीत आहे एवढ्यावरून त्याला नवी नोकरी करण्यापासून अडवता येणार नाही. गैरवापराचा धोका दाखवणारा पुरावा हवा. म्हणजे माणसाला बांधता येत नाही. बांधता येते ती फक्त माहिती.

पेटंटांचं काय झालं? वेमोनं चार पेटंटांच्या उल्लंघनाचा दावा केला होता. त्यांतली तीन पेटंटं उबरच्या ज्या लायडरला लागू पडत होती, ते उबरनं अर्ध्यावरच सोडून दिलं होतं. जुलै २०१७ मध्ये वेमोनं हे तीन दावे मागे घेतले. उबर ज्या दुसऱ्या लायडरवर काम करत होती, त्याची मांडणी तिनं बदलल्यावर चौथाही गळाला. त्याच पेटंटवर आणखी एक गंमत झाली. या भांडणाशी काडीचाही संबंध नसलेल्या एका इंजिनिअरला त्यातली कल्पना नवी वाटेना. पदरचे सुमारे ६,००० डॉलर भरून त्यानं पेटंट कार्यालयाकडे फेरतपासणी मागितली आणि कार्यालयानं त्यातले बहुतेक दावे नाकारले. ज्या पेटंटावरून दोन बलाढ्य कंपन्यांचे वकील झुंजले, त्याचा पाया एका तिऱ्हाईतानं हलवला.

पेटंट हा सौदाच असा आहे. तुम्ही शोध सगळ्यांसमोर मांडता आणि बदल्यात अर्जापासून साधारण वीस वर्षं मक्तेदारी मिळवता. यंत्र बाजारात विकायचं असेल, कुणीही ते उघडून पाहू शकत असेल, तर हा सौदा फायद्याचा. पण वेमोचं लायडर तेव्हा दुकानात मिळत नव्हतं, वेमोच्या गाडीच्या छपरावरच बसत होतं. अशा वस्तूचं बारीकसारीक ज्ञान गुपित ठेवणंच सोयीचं. त्याला मुदत नाही, अर्ज नाही, शुल्क नाही. अट आहे: ते गुपित आहे, गुपित असल्यामुळेच त्याला मोल आहे आणि ते गुपित राहावं म्हणून तुम्ही वाजवी काळजी घेतली आहे, हे तिन्ही तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. आणि हे सिद्ध करायला कोर्टात गेलात की आधी ते गुपित नेमकं काय, हे लिहून द्यावं लागतं.

वेमोची १२१ गुपितं इथेच चाळणीतून गळायला लागली. न्यायाधीश विल्यम अल्सप यांच्यापुढे हे प्रकरण होतं. ओरॅकल आणि गूगलचा ‘जावा’ या संगणकीय भाषेवरचा गाजलेला खटलाही त्यांनीच चालवला होता, त्यामुळे तांत्रिक शब्दांच्या धुरळ्यानं ते गांगरणाऱ्यांतले नव्हते. मे २०१७ च्या मनाई हुकुमात त्यांनी दोन्ही बाजूंना सुनावलं. लेव्हँडोस्कीकडे १४,००० फाइली असल्याचं उबरला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, असं म्हणत त्याला लायडरच्या कामापासून दूर ठेवण्याचा आदेश दिला. पण त्याच हुकुमात वेमोलाही बजावलं की भौतिकशास्त्राच्या सर्वज्ञात नियमांतून जे आपोआप निघतं, त्यावर गुपित म्हणून हक्क सांगता येणार नाही. पुढे त्यांनी यादी दहाच्या आत आणायला लावली.

इथेच मला या प्रकरणाचं मर्म दिसतं. चांगला इंजिनिअर कंपनीत दहा वर्षं काढतो तेव्हा त्याच्या हाताला एक वळण लागतं. कोणता कोन फसतो, कोणता गोंद उन्हात सैल पडतो, कोणत्या पुरवठादाराचं भिंग खरं. यातलं काय त्याचं कौशल्य आणि काय कंपनीचं गुपित? कंपनीला वाटतं सगळंच आपलं, त्यावर पैसा तिनं घातलाय. इंजिनिअरला वाटतं सगळंच त्याचं, रात्री त्यानं जागवल्यात. कायदा म्हणतो, जे तुम्ही इतर सगळ्यापासून वेगळं काढून, शब्दांत बसवून दाखवाल, तेवढंच तुमचं. सर्वोत्तम वकील दिमतीला असलेल्या वेमोला १२१ पैकी आठच तशी काढून दाखवता आली.

आणि ती जपण्याची वाजवी काळजी? सुनावणीच्या ओघात गूगलच्याच एका इंजिनिअरचा आतला ई-मेल समोर आला. १४,००० फाइली जिथे होत्या तो सर्व्हर फारसा मोलाचा मानला जात नव्हता, तो कंपनीच्या स्वतःच्या यंत्रणेबाहेर ठेवण्याचाही विचार झाला होता, असा त्याचा सूर. उबरच्या वकिलांना एवढं पुरेसं होतं. तुम्हीच ज्याला किरकोळ समजत होतात, ते गेल्यावर अनमोल कसं झालं? प्रत्येक कंपनीत असे ई-मेल असतात. कामाच्या घाईत कुणीतरी खरं लिहून जातो.

विकत घेणाऱ्याची बाजू

अशा गोष्टी सांगताना सगळं लक्ष चोरीकडे जातं. मला उबरचं वागणं जास्त शिकण्याजोगं वाटतं, कारण तिनं पुस्तकातला प्रत्येक सल्ला पाळला आणि तरी ती फसली. ऑटो विकत घेण्याआधी उबरनं स्ट्रॉझ फ्रीडबर्ग या तपास कंपनीकडून लेव्हँडोस्की आणि त्याच्या सहकाऱ्यांची छाननी करवून घेतली. त्यात लेव्हँडोस्कीनं सांगितलं की घरात गूगलची माहिती असलेल्या पाच डिस्क सापडल्या, ते उबरचे तत्कालीन प्रमुख ट्रॅव्हिस कॅलानिक यांच्या कानावर घातलं आणि नंतर त्या डिस्क नष्ट केल्या. शिवाय खरेदीच्या करारात कलम होतं: सह्यांआधीच्या कृत्यांवरून कुणी दावा लावला तर भार उबर उचलेल, फक्त ते कृत्य छाननीत आधीच सांगितलेलं असायला हवं.

कलम लिहिणाऱ्याचा हिशेब समजतो. जोखीम आधी कळावी, म्हणून खरं बोलणाऱ्याला अभय. पण नंतर तेच कलम वाचणाऱ्याला काय दिसतं? चोरीचा माल असू शकतो हे ओळखून त्याचा विमा उतरवलेला. उबरनं तो अहवाल वकील-अशील गोपनीयतेच्या नावाखाली दाबून धरायचा प्रयत्न केला, तो सप्टेंबर २०१७ मध्ये अपील कोर्टात फसला आणि अहवाल वेमोच्या हाती पडला. ढाल म्हणून बनवलेली वस्तू समोरच्याची तलवार झाली.

लेव्हँडोस्कीनं मात्र तोंड उघडलं नाही. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा पाचव्या घटनादुरुस्तीचा हक्क त्यानं वापरला. कोर्टाला सहकार्य करत नाही म्हणून ३० मे २०१७ ला उबरनं त्याला काढून टाकलं. ज्याच्यासाठी कोट्यवधी मोजले, तो कंपनीत नऊ महिनेच टिकला.

डिसेंबर २०१७ मध्ये खटला उभा राहायचा होता. आदल्या महिन्यात उबरच्या एका माजी सुरक्षा कर्मचाऱ्याच्या वकिलाचं पत्र उजेडात आलं. प्रतिस्पर्ध्यांची माहिती गोळा करणाऱ्या पथकाचे आणि आपोआप पुसल्या जाणाऱ्या मेसेजांच्या वापराचे आरोप त्यात होते. हे पत्र उबरनं आधी का दाखवलं नाही यावरून न्यायाधीश भडकले आणि सुनावणी फेब्रुवारीवर गेली.

पाचवा दिवस

५ फेब्रुवारी २०१८ ला ज्यूरी बसली. कॅलानिक यांची साक्ष झाली. पाचव्या दिवशी, ९ फेब्रुवारीला, तडजोड झाली. उबरनं वेमोला आपले ०.३४ टक्के समभाग दिले, त्या वेळच्या मूल्यांकनानं सुमारे २४.५ कोटी डॉलरचे. वेमोची गोपनीय माहिती आपल्या यंत्रांत किंवा सॉफ्टवेअरमध्ये वापरणार नाही असं लिहून दिलं. नवे प्रमुख दारा खोस्रोशाही यांनी खेद व्यक्त केला, पण वेमोची गुपितं उबरमध्ये वापरली गेली हे मान्य केलं नाही.

१८६ कोटींवर बोट ठेवणारी वेमो एवढ्यावर का थांबली? फाइली गेल्या हे तिला दाखवता येत होतं. त्या उबरच्या यंत्रात उतरल्या हे दाखवणं फार कठीण जात होतं. महिनोन्महिने कागद धुंडाळूनही तसा धडधडीत पुरावा हाती लागला नव्हता. नुकसानाचा आकडा मांडणाऱ्या तिच्या तज्ज्ञाची साक्षही न्यायाधीशांनी आधीच बाद केली होती. घेणं आणि वापरणं यांत कायद्याच्या लेखी मोठी दरी आहे. आणि पैशापेक्षा वेमोला जे हवं होतं, ते एव्हाना मिळालंच होतं. वर्षभर उबरचं लायडरचं काम कोर्टाच्या पायरीशी अडकलं होतं आणि त्या कामाचा म्होरक्या बाहेर पडला होता. डिसेंबर २०२० मध्ये तर उबरनं विनाचालक गाड्यांचा आपला विभागच ऑरोरा या कंपनीला देऊन टाकला. ऑरोराचे प्रमुख क्रिस अर्मसन. ते आधी कुठे होते? गूगलच्या विनाचालक गाडीच्या प्रकल्पाचे प्रमुख होते. तिथून बाहेर पडून त्यांनी स्वतःची कंपनी काढली. डोक्यातलं ज्ञान त्यांनीही बरोबर नेलंच असणार. मेमरी कार्ड नेल्याचं कुणी म्हटलं नाही.

लेव्हँडोस्कीचं प्रकरण तडजोडीनं मिटलं नाही. अल्सप यांनी मे २०१७ मध्येच ते सरकारी वकिलांकडे पाठवलं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच्यावर व्यापारी गुपितं चोरल्याचे आणि चोरण्याचा प्रयत्न केल्याचे ३३ आरोप ठेवले गेले. गूगलनं लवादाकडे नेलेल्या वेगळ्या भांडणात सुमारे १७.९ कोटी डॉलर देण्याचा आदेश मार्च २०२० मध्ये कायम झाला आणि त्यानं दिवाळखोरी जाहीर केली. त्याच महिन्यात त्यानं एका आरोपाची कबुली द्यायचं मान्य केलं. ऑगस्ट २०२० मध्ये अल्सप यांनी १८ महिन्यांची कैद सुनावली. साथीमुळे तुरुंगात जाणं लांबलं आणि २० जानेवारी २०२१ रोजी, आपल्या पहिल्या कारकिर्दीच्या अखेरच्या दिवशी, अध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला माफी दिली. एक दिवसही आत न जाता तो मोकळा झाला.

त्यानं कबूल केलेली एक फाइल कोणती होती, हे फारसं कुणी विचारत नाही. ती लायडरचं ड्रॉइंग नव्हती. ‘शोफर’ प्रकल्पाच्या साप्ताहिक प्रगतीचा तक्ता होता तो: उद्दिष्टं काय, आकडे कुठवर आले, कुठे अडलं. राजीनाम्यानंतर सुमारे महिन्याभरानं आपण तो उघडल्याचं त्यानं मान्य केलं. चोरीतून झालेलं नुकसान १५ लाख डॉलरपर्यंत असू शकतं, हेही. १२१ गुपितांच्या यादीवरून वर्षभर वाद झाला, फौजदारी कोर्टात कबुलीपर्यंत पोहोचला तो मात्र हा तक्ता. असा तक्ता प्रत्येक कंपनीत दर आठवड्याला कुणीतरी भरतं आणि बहुधा सगळ्या टीमला सरसकट पाठवून देतं.